दुसऱ्या मैलावरची आत्या

आत्याला रस्त्यात कुणी पत्ता विचारू नये, अशी मी मनातल्या मनात प्रार्थना करायचे. कारण आत्या पत्ता सांगत नसे. ती त्या माणसाबरोबर चालायलाच लागायची. "या, दाखवते," म्हणायची, हातातली पिशवी माझ्याकडे द्यायची आणि निघायची. निगडीच्या चौकात मी मेथीच्या जुड्या सांभाळत उभी, आणि आत्या कुठल्या तरी अनोळखी माणसाला प्राधिकरण वसाहतीतल्या कुठल्या तरी बंगल्याच्या फाटकापर्यंत पोचवून, बेल वाजवून, दार उघडेपर्यंत थांबून मग परत येणार. मी चिडलेली असायचेच. ती घाम पुसत म्हणायची, "पहिला मैल शेजारधर्माचा. तो सगळेच चालतात. आपलं काम दुसऱ्या मैलापासून सुरू होतं."

"पण मैल म्हणजे किती ते तरी मोजा," मी एकदा म्हटलं.

"मोजला की तो पहिलाच राहतो," आत्या म्हणाली आणि पिशवी घेऊन पुढे चालू लागली.

पुढे सगळ्यांच्या फोनमध्ये नकाशे आले. पत्ता विचारणारी माणसं कमी झाली, तशी आत्या खट्टू झाली. "या नकाशानं माझी चाकरीच घालवली बघ," म्हणायची. तरी भाजी आणायला गेली की बसस्टँडच्या बाजूनं जायची. कुणी गोंधळलेलं दिसतंय का, म्हणून.

ती माझी सख्खी आत्या नव्हती. आमच्या चर्चमधले लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणत. आयुष्यभर नर्सचं काम करून निवृत्त झालेली, लग्न न केलेली बाई. प्राधिकरणात तिचं बैठं घर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे थोडं अंगण आणि अंगणात शेवगा. वर्षानुवर्षं वॉर्डात उभं राहून तिचे पाय सुजायचे, म्हणून ती पुरुषांच्या मापाच्या रबरी चपला घालायची. त्यांचा फटक फटक आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा.

मी नगरकडच्या एका गावातली. वडील शाळामास्तर आणि चर्चचे पंच. निगडीच्या एका शाळेत मराठी शिकवायची नोकरी मला लागली, तेव्हा वडिलांनी तिथल्या चर्चच्या पाळकसाहेबांना विचारून "आपल्यातल्याच बाईचं घर" म्हणून ही खोली पक्की केली. मी लहानपणापासून वचनं पाठ म्हणणारी, नाताळात गाण्यांना पेटी वाजवणारी मुलगी. पहिल्या संध्याकाळी जेवणाआधी आत्या म्हणाली, "कर प्रार्थना." मी वडिलांसारखी लांबलचक, सुंदर प्रार्थना केली. डोळे उघडले तर आत्या माझ्याकडेच बघत होती.

"छान झाली," ती म्हणाली. "आता शेजारच्या काकूंचा ड्रम भरून ये. पाणी जाईल."

पाणी एक दिवसाआड यायचं. काकूंची मोटर बिघडलेली होती, आणि याच काकूंनी आत्याच्या शेवग्याचा पाला आपल्या दारात पडतो म्हणून महापालिकेत तक्रार केली होती. मी आत्याला त्याची आठवण करून दिली.

"माहितेय. म्हणून तर आधी त्यांचा," ती म्हणाली. "क्रूस उचलायचा म्हणजे तुला काय लाकडाचा वाटला? पाइप ओढ तो."

जेवण गार झालं. काकूंनी आभारही मानले नाहीत.

आत्याच्या बाकी तऱ्हा सांगत बसले तर संपणार नाहीत. चर्चमध्ये ती कधी पुढे बसायची नाही. दाराशी, चपलांच्या ढिगाजवळच्या खुर्चीत बसायची. "इथून कोण रडत बाहेर पडतंय ते दिसतं," म्हणायची. कुणी तिला "तुमच्यासाठी प्रार्थना करतो हं" म्हटलं, की ती विचारायची, "आणि हातानं काय करता?" त्यामुळे पुष्कळ लोक तिला टाळायचे. ती स्वतः प्रार्थना करायची ती मोरीत भांडी घासताना, मोठ्यानं. त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी तिला दुखावलं असेल त्यांची नावं घेऊन. राग जितका जास्त तितकी भांडी जोरात आपटायची. "प्रभू, त्या बँकेतल्या बाईला—" धाड! "—चांगली झोप लागू दे." पातेलं शांत झालं की समजायचं, आत्यानं त्या माणसाला माफ केलं.

माझं नाव त्यात वारंवार यायचं. माझ्या नावाला कढई वाजायची.

कारण माझ्याकडून तिला सगळं हवं असायचं. शाळेत एका बाईंनी माझ्या नावावर स्वतःची चूक खपवली, तर आत्या म्हणाली, जा, तूच आधी बोल त्यांच्याशी, त्या घाबरल्या असतील. डबा माझा मी करायचा. "हात आहेत तुला." ताप आला तर गोळी द्यायची, कपाळावर हात ठेवायची नाही. मी म्हणायचे, चालेल. शिष्यपण असंच असतं, कडक. आणि आत्याच्या घरात हे कडक शिष्यपण चालवणारी मी एकटीच आहे, याचा मला आतून अभिमान होता. दोन वर्षं मी तिची एकटीच होते.

मग शीतल आली. आत्याबद्दल लिहायचं तर मला शीतलबद्दल लिहावंच लागतं, आणि ते मला अजून सोपं जात नाही.

आत्यानं तिला बसस्टँडवरूनच आणलं. परभणीकडची पोरगी, पाठीवर सॅक, हातात कुठल्याशा मुलींच्या वसतिगृहाचा पत्ता. चाकणला मोटारींच्या वायरी बांधायच्या कंपनीत कंत्राटावर लागली होती. आत्या तिच्याबरोबर वसतिगृहापर्यंत गेली. तिथं जागा नव्हती. तासाभरानं फटक फटक आवाज आला आणि त्यामागं ही आली.

"हिला पत्ता सापडत नव्हता," आत्या मला म्हणाली. "आता सापडला."

तिची खाट माझ्या खोलीत पडली. तिचा ओला टॉवेल माझ्या पलंगावर, माझा कंगवा तिच्या केसात, तिच्या मोबाइलवरचे ते कर्कश व्हिडिओ माझ्या कानात. खोटं तर ती श्वास घेतल्यासारखं बोलायची. न जेवता "जेवले ना" म्हणायची, कप फोडून "मांजर आलतं" म्हणायची. मी आत्याला सांगितलं, तर आत्या म्हणाली, "घाबरलेलं माणूस खोटं बोलतं. भीती गेली की खोटं जातं. थांब जरा."

मी थांबले, आणि थांबून काय पाहिलं? पहिल्या शिफ्टला कंपनीची बस पहाटे निघायची, तर आत्या त्याच्याही आधी उठून तिच्यासाठी भाकऱ्या थापायची. रविवारी अंगणात उन्हाला बसवून तिच्या केसांना तेल लावायची. बोटं केसांतून फिरायची आणि शीतल डोळे मिटून गावाकडच्या गोष्टी सांगायची. मी आत वह्या तपासत बसायचे. लाल पेन इतकं दाबून चालायचं की पुढच्या पानावर उमटायचं.

"तिला कधी चर्चला चल म्हणत नाही तुम्ही?" मी एकदा विचारलं. मनात होतं, नियम असतील तर सगळ्यांना असावेत.

"आठवडाभर उभी असते लाइनवर. तिला झोप पाहिजे, उपदेश नको. आणि तिचे देव तिच्याजवळ आहेत. मी काय त्यांची बदली करायला बसलेय?"

"मग मला का—"

"तू म्हणालीस ना, मी प्रभूची शिष्य आहे? तिनं कुठं म्हटलंय?" आणि आत्या कांदा चिरायला बसली.

रविवारी शीतल ओव्हरटाइमच्या नावाखाली बाहेर जायची. ओव्हरटाइम म्हणजे लाइनवरचाच एक मुलगा होता. हे तिनं आत्याला सांगितलं, मला नाही. मला कळलं ते तो मुलगा एकदा चहाला आला तेव्हा. आत्यानंच बोलावलं होतं. बिचारा पाय जुळवून खुर्चीच्या टोकावर बसला होता. आत्यानं त्याला एकच विचारलं, "घरी कधी सांगणार?" तो म्हणाला, "सांगू की आत्या, जरा पर्मनंट झालो की." आत्या म्हणाली, "माणूस आधी पर्मनंट हो. कंपनीचं नंतर बघू." शीतल फिदीफिदी हसली. मला नाही हसू आलं. हिची गुपितंसुद्धा या घरात कुणीतरी जपून ठेवत होतं, माझ्याकडे तर गुपितच नव्हतं.

मग तो रविवार आला.

दुपारी फाटकाशी एक जीप थांबली. शीतलचे चुलते आणि त्यांच्याबरोबर तीन-चार माणसं. त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं होतं की पोरगी दर रविवारी ख्रिश्चन बायांबरोबर जाते, धर्म बदलतेय. शीतल नुकतीच बाहेरून आली होती, नवा ड्रेस घातलेला. चुलत्यांनी अंगणातच तिला विचारलं, "ऐतवारी कुठं जातीस? खरं सांग."

ती आत्याकडे बघत नव्हती. पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती.

"ह्या नेतात मला," ती म्हणाली. "त्यांच्या चर्चात. मी नको मनलं तरी नेतात."

मी दारात उभी होते. कानांवर विश्वास बसेना. चुलते ओरडायला लागले, बरोबरची माणसं ओरडायला लागली. गल्लीतले लोक गोळा झाले. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून बघत होत्या. मी पुढे व्हायला लागले, तर आत्यानं मागं न बघता माझं मनगट धरलं. नर्सची पकड. सुटत नाही.

"भाऊ," ती चुलत्यांना म्हणाली, "पोरीला रागावू नका. तुम्ही लांबून आलात. आत या, पाणी घ्या, मग बोला."

"तुमच्या घरचं पाणी नको आम्हाला," ते म्हणाले. पण आवाज कापत होता. आज मला कळतं, ते घाबरलेले होते. थोरल्या भावाची पोर, आपण शहरात पाठवली, तिचं काही झालं तर भावाला काय तोंड दाखवायचं. तेव्हा मात्र मला कुणाचंच काही कळून घ्यायचं नव्हतं.

आत्याला पोलीस चौकीत जावं लागलं. मी बरोबर गेले. रबरी चपला घालून ती बाकावर बसली. साहेबांनी विचारलं, "बाई, मुलीला चर्चमध्ये नेत होता का?"

"नाही. एकदाही नाही."

"मग दर रविवारी ती कुठं जायची?"

"ते तिनं सांगायचं, साहेब. मी नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. पण ते माझं नाही सांगायला."

साहेब वैतागले. माणूस वाईट नव्हता, पण बाहेर जीपवाले उभे होते. "बाई, एका वाक्यात सुटाल तुम्ही," ते म्हणाले. मी तर जागेवरून उठलेच. ते एक वाक्य माझ्याकडे तयार होतं. आत्यानं पुन्हा माझं मनगट धरलं आणि अगदी हळू म्हणाली, "ते त्या पोराला मारतील. बस खाली."

मी बसले. संध्याकाळपर्यंत आम्ही त्या बाकावर बसलो. शेवटी तक्रारीत काही दम नाही म्हणून समज देऊन सोडलं. तोवर शीतलला घेऊन जीप गावाकडे निघून गेली होती.

त्यानंतर आत्याच्या घरचं वारं बदललं. गल्लीतल्या बायका बी.पी. तपासायला, लेकरांची औषधं विचारायला येत, त्या यायच्या थांबल्या. काकू पाणी भरताना पाठ करून उभ्या राहत. चर्चच्या पंचांनीही बोलावून सांगितलं की सगळ्या मंडळीला त्रास होतो, यापुढे परधर्मातली मुलगी ठेवू नका. आत्या ऐकून घेऊन म्हणाली, "तुम्हाला त्रास झाला याचं वाईट वाटतं. पण दारात कोण उभं राहील ते मी ठरवत नाही." आणि जाऊन आपल्या चपलांजवळच्या खुर्चीत बसली.

चौकीतून आलो त्या संध्याकाळी मी कान देऊन बसले होते. आत्या मोरीत गेली. आता घरातलं एकही पातेलं धड राहत नाही, असं मला वाटलं. "प्रभू, शीतलला—" ती म्हणाली, आणि पुढे काही ऐकूच येईना. भांडं वाजलं नाही. एकसुद्धा. ती नुसती पाण्याखाली एक वाटी धरून उभी होती आणि पाणी वाहत होतं. मोजून मापून पाणी वापरणारी बाई! मी पलंगावर पडून भिंतीकडे तोंड केलं. माझ्या नावाला कढई वाजायची. जिनं आत्याला चौकीत बसवलं तिच्या नावाला वाटीसुद्धा वाजत नाही. मला रडू आलं ते आत्याच्या अपमानाचं होतं की याचं, ते मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

वर्ष उलटून गेलं असेल. एके दिवशी शाळेतून आले तर गल्लीच्या तोंडाशीच मटणाचा वास. आत्या सणालासुद्धा हात राखून मटण करायची. आत गेले, तर नाताळच्या काचेच्या ताटल्या बाहेर काढलेल्या. आणि स्वयंपाकघरात शीतल, गळ्यात मंगळसूत्र, आत्याच्या पायाशी बसून हमसून हमसून रडणारी. तिनं घरी सगळं खरं सांगितलं होतं. मारही खाल्ला होता. पण शेवटी चुलत्यांनीच मध्ये पडून त्या मुलाशी लग्न लावून दिलं होतं आणि दोघं चाकणला राहायला आली होती. ती फाटकापर्यंत आली आणि तिथंच थांबली, आत यायचं धाडस होईना. आत्या चपला न घालता धावली म्हणे. हे मला काकूंनी सांगितलं.

मी जेवले नाही. शीतल गेल्यावर मी ताटल्या पुसत होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्यासाठी कधी काढल्या नाहीत ह्या ताटल्या."

आत्यानं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"इतकी वर्षं मी आहे. चौकीत तुमच्याबरोबर मी बसले. चर्चमध्ये लोक बोलत होते तेव्हा तुमच्या बाजूला मी उभी होते. तिनं तुमचं नाव घालवलं आणि तिच्यासाठी मटण? माझ्यासाठी कधी साधा शिरा केलात?"

"नाही केला," आत्या म्हणाली. "खरं आहे."

मला वाटलं होतं ती समजावेल, काहीतरी वचन सांगेल. ती भिंतीला टेकून खाली बसली, सुजलेले पाय पसरून. म्हणाली, "तुझ्याकडे कधी बघितलंच नाही मी नीट. आपल्या उजव्या हाताकडे कोण बघतं ग? त्याच्याकडून काम घेतो आपण."

"उजव्या हातालाही कधीतरी तेल लागतं, आत्या," मी म्हणाले.

आत्या हसली. खूप हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तेल काही लावलं नाही.

त्या उन्हाळ्यात चुलतेही एकदा येऊन गेले. तुरीचं पोतं खांद्यावरून उतरवून अंगणात ठेवलं, चहा घेतला, पाणी मागून प्याले. माफी हा शब्द काही त्यांना जमला नाही. आत्यानंही मागितला नाही. ती सूप घेऊन तूर पाखडायला बसली आणि विचारत राहिली, यंदा पाऊसपाणी कसं, म्हातारीचे डोळे कसे.

पुढे माझं लग्न झालं. नवरा आमच्याच मंडळीतला, रावेतला आमचा फ्लॅट. मी आठवड्यातून एकदा तरी आत्याकडे जायचे. काकूंच्या नवऱ्याला मध्यंतरी लघवीची नळी बसवावी लागली, तेव्हा रोज सकाळी जाऊन पिशवी रिकामी करायला, नळी स्वच्छ करायला आत्याच होती. काकू आता तिच्याशी बोलत होत्या. शेवग्याच्या शेंगासुद्धा मागून नेत होत्या.

मग आत्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, नजर अंधूक झाली, बोलणं जड झालं. दवाखान्यातून सोडायच्या दिवशी मी घरी सगळी तयारी करून गेले होते. लिफ्ट आहे, खोली मोकळी केलीय, नवऱ्यानं हवेची गादीसुद्धा आणली होती. मनात म्हटलं, आता तरी. आता ती माझ्या घरात, माझ्या हाताखाली.

आत्या म्हणाली, "शीतलकडे जाते."

शीतल तिथंच उभी होती. तिनंही येता का म्हणून विचारलं होतं. चाकणला दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक. शीतलला बाहेर पाठवून मी दार लोटलं.

"का?" मी विचारलं. "मी काय कमी केलं?"

"तू काहीच कमी केलं नाहीस," आत्या अडखळत, एकेक शब्द जुळवत म्हणाली. "तुझ्याकडे आले तर ती भेटायला येईल. हात जोडून उभी राहील. जन्मभर तशीच उभी राहील. तिच्याकडे गेले तर ती माझं अंथरूण धुईल... मोकळी होईल."

"आणि मी?"

"तू येत जा."

"तुम्हाला नको वाटत नाही? तिच्या हातून सगळं करून घेणं?"

"वाटतं की," आत्या म्हणाली. "करायला सोपं होतं ग. करून घ्यायचं शिकतेय आता. म्हातारपणी वर्ग बदलला प्रभूनं माझा."

मी जात राहिले. दर रविवारी उपासना झाली की निगडीला बस बदलून चाकण. तळवड्याच्या पुढे कंटेनरच्या रांगा, बाजाराजवळ कांद्याचा उग्र वास, मग गल्लीतून शीतलचं घर. मी दोष शोधायला जायचे, हे खरंच आहे. अंथरूण उचलून बघायचे, पाठीला कुठं जखम झालीय का बघायचे. कधीच काही सापडलं नाही. चादर धुतलेली, केस विंचरलेले, नखं कापलेली. शीतल शिफ्टवर असली की तिचा नवरा बघायचा, तो शिफ्टवर असला की ती. सांगायला तक्रार नाही म्हणून मी आणखीनच जळायचे.

त्या शेवटच्या रविवारी आत्या झोपलेली होती. शीतल मोरीत चादरी पिळत होती, मी तिच्या हातून घेऊन दोरीवर टाकत होते. ती एकदम म्हणाली, "ताई, एक सांगू का? आत्या मला तुमच्याच नावानं हाक मारतात."

मी चादर दोरीवर टाकता टाकता मान वळवली.

"झटका आल्यापासून असंच. दिसत न्हाई ना त्यांना नीट. आधी मी सांगायची, आत्या, मी शीतल हाय, ताई रविवारी येतील. तर नुसतं हं म्हणायच्या, अन् परत तुमचंच नाव. आता मी बी ओ देते." तिनं चादर झटकली. तोंड दुसरीकडे केलं. "लय वाटतं ओ, एकदा तरी शीतल म्हणावं. एवढं करते मी. पण तुमचंच नाव बसलंय त्यांच्या जिभेवर. मला आधीपासून वाटायचं, ह्यांच्या मनात मोठी पोरगी म्हणजे तुमीच. मी आपली रस्त्यावरून आणलेली."

मला आनंद झाला. चांगला घसघशीत आनंद झाला, लपवायचं कशाला? इतक्या वर्षांची भूक एका वाक्यात भागल्यासारखी वाटली. मी त्या चादरीच्या मागं उभी राहून हसले असेन.

तेवढ्यात आतून हाक आली. जड जिभेनं, पण स्पष्ट. माझं नाव.

शीतल ओले हात पुसत माझ्याकडे बघून म्हणाली, "जा ताई. आज खऱ्या तुमीच हाय. खूष होतील."

मी दारापर्यंत गेले. आत्याचा डावा हात हवेत चाचपडत होता. तिनं पुन्हा माझं नाव घेतलं, यावेळी ज्या आवाजात घेतलं त्या आवाजात त्या बाईनं मला उभ्या आयुष्यात हाक मारली नव्हती. पुढे दोन पावलं टाकायची होती. मी वळून शीतलकडे बघितलं. ती चौकटीला टेकून उभी होती, हाताची बोटं पाण्यानं सुरकुतलेली, आणि माझ्याकडे ती ज्या नजरेनं बघत होती ती नजर मला चांगली ओळखीची होती. त्याच नजरेनं मी खिडकीतून अंगणात बघत आले होते.

मी बाजूला झाले. ओठांवर बोट ठेवलं आणि तिला खुणेनं सांगितलं, तू जा.

ती मान हलवून नाही नाही म्हणत होती. मी तिचा दंड धरून तिला पुढे ढकललं.

"ओ आत्या," शीतल म्हणाली आणि पलंगाजवळ बसली. "हितंच हाय मी."

आत्यानं तिचं डोकं आपल्याकडे ओढून घेतलं. डाव्या हाताची बोटं तिच्या केसांत घातली आणि बोलायला लागली. फार वेळ बोलली. ओठ हलताना मला दिसत होते. बाहेरून कंपनीची बस जात होती, तिच्यामागं ट्रक, आणि मला एक शब्द ऐकू आला नाही. जे केलं त्याचा पश्चात्ताप मला तिथंच, त्या चौकटीत उभ्या उभ्या झाला. ते माझं होतं. माझं नाव घेऊन, माझ्यासाठी काढून ठेवलेलं होतं. शीतलचे खांदे हलत होते. "हो आत्या, हो," एवढंच ती म्हणत होती. आत जाऊन तिला बाजूला सारावं असं माझ्या पायांना वाटत होतं. मी चौकट धरून ठेवली.

त्याच आठवड्यात आत्या गेली. मातीला चर्चची मंडळी आली, काकू आल्या, परभणीहून चुलते आले, आणि आम्हाला कुणालाच माहीत नसलेली कितीतरी माणसं आली. कबरस्तानातून परतताना शीतलनं मला गाठलं. डोळे सुजलेले.

"ताई, त्या दिवशी आत्या जे बोलल्या ते तुमचं होतं. माझ्याजवळ ठेवून मला पाप लागेल. सांगते ना."

"नको," मी म्हणाले. "तुझ्या कानात सांगितलंय. तुझंच ते."

हे मी कुठल्या मोठेपणानं बोलले नाही. ती पुढे बोलली तर मी रस्त्यात मटकन बसेन, अशी भीती वाटली म्हणून बोलले. आणि एकदा बोलल्यावर शब्द परत घेता आला नाही.

शीतल आता वर्षातून दोन-तीनदा रावेतला येते, नवऱ्याला आणि छोट्या मुलीला घेऊन. चांगली माणसं आहेत. माझ्या मुलाला ती जीव लावते. जेवताना कधीकधी ती मध्येच गप्प होते, घास हातात तसाच राहतो, आणि चेहऱ्यावर काहीतरी मऊ उतरतं. मला कळतं तिला काय आठवलंय. आत्या माझं नाव घेऊन काय बोलली, ते या जगात आता फक्त तिलाच ठाऊक आहे. माझा प्रश्न तेव्हा अगदी ओठांपर्यंत येतो.

मी विचारते, "पोळी वाढू का?"